बिनसाखरेची आंबापोळी: तिसरी खेप

११ मे
आधीच्या दोन खेपांचं सांगून टाकते. पहिलीला बुरशी आली. चूक माझीच, रस बोटभर जाड ओतला होता. वरून कोरडा, आत ओलाच. दुसरी इतकी पातळ की कडा पापडासारख्या मोडल्या आणि मधला भाग स्टीलच्या ताटाला चिकटून बसला. उलथन्याने खरवडून खाल्ली. चव उत्तम, रूप विचारू नका.

या वेळी निम्मा रायवळ, निम्मा हापूस. रायवळचा रस पाणीदार, शिवाय आंबट, त्यामुळे साखरेकडे हात जातोच. हापूसने गोडी येते आणि रसाला अंगही. २ किलो आंब्यांचा चाळणीतून धागे काढून जेमतेम १ किलो रस निघाला.

आई फोनवर म्हणाली, "साखर नाही? अगं, मग मऊ कशी राहायची?" तिचं चुकत नाही. साखर पाणी धरून ठेवते, म्हणून विकतची पोळी लवचिक असते. मी रस जाड बुडाच्या पातेल्यात १० मिनिटं आटवला, ढवळणं न थांबवता (रटरटला की हातावर उडतो, सांभाळा). आटवल्यामुळे पुढे काळवंडलाही कमी. ताटाला तुपाचं बोट, थर ३ मिलिमीटर.

१२ मे
पुण्याचं कोरडं ऊन. दिवसभर गच्चीवर, वर मलमल. संध्याकाळी रस बोटाला लागेना, तेव्हाच दुसरा थर दिला.

१३ मे
चार वाजता वळीव! ताटं घेऊन जिन्यावरून पळापळ. रात्रभर पंख्याखाली.

१४ मे
मध्यभागी अंगठ्याचा ठसा उमटतोय. ऊनही नाही. ओव्हन ६० अंशांवर, दारात लाकडी चमचा अडकवून ३ तास.

१५ मे
कड नखाने सोडवली आणि पोळी अख्खी उचलली गेली. खिडकीसमोर धरली तर पलीकडचे गज दिसतात, रंग मधासारखा. वजन २०० ग्रॅम. म्हणजे किलोभर रसातली आंब्याची सगळी साखर या एवढ्याशात. वरून चिमूटभरही घातली नसली तरी मधुमेही बाबांच्या हाती बरणी द्यायची नाही; दोन बोटांची पट्टी, बास.

बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलीय. बरका फणस गॅलरीत पिकत पडलाय. पाऊस लवकर आला तर फणसपोळीची सगळी भिस्त ओव्हनवरच.