दादा, नळीत थुंकण्याआधी

अमेरिकेतल्या आतेभावाने महाल भागातल्या घरी डीएनए चाचणीचं किट आणलंय. वंशावळ कळेल म्हणे. मी त्याला थांबवलं. कॅलिफोर्नियातला ‘गोल्डन स्टेट किलर’ हा खुनी २०१८ मध्ये पकडला गेला, तो जीईडीमॅचसारख्या वंशावळ शोधण्याच्या संकेतस्थळांवर दूरच्या नातेवाइकांनी टाकलेल्या डीएनए माहितीवरून. खुनी सापडला, फार बरं झालं. पण त्या नातेवाइकांना कोणी विचारलं होतं का? आपल्याकडे डीएनएच्या वापराचे नियम ठरवणारं विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं, आणि त्याच वर्षीच्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे. मग दाद कुठे मागायची? दादा, तुझ्या त्या नळीत मीही आहे, माझी सहावीतली लेकही आहे. तिची संमती तू कशी देणार?