जुन्या ट्रकला दुसरं इंजिन बसवताना धुराचा हिशेब

खंबाटकी घाट चढताना जुन्या ट्रकनं दम टाकला की मालक इंजिनचा भाव विचारत फिरतात. त्याआधी आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) उघडावी. इंजिन नंबर, उत्पादनाचा महिना आणि इंधन या तीन नोंदी बघून कुठलं इंजिन शोधायचं ते ठरतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदींशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. आरटीओची मंजुरी घेऊन त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन मात्र बसवता येतं. ‘भाराला जास्त ओढतं’ म्हणून दुसऱ्या कंपनीचं इंजिन ब्रॅकेट वेल्ड करून बसवलं, तर गाडी रस्त्यावर पळेल, पण पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, अडकेल. मंजुरीचा अर्ज जुनं इंजिन उतरवण्याआधी करा. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं संमतीपत्र लागतं. जुन्या बाजारातून घेतलेल्या इंजिनचं बिल नंबरासकट हवं. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर कितीही स्वस्त असलं तरी ते घेऊ नका.

आता बीएस, म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराच्या मर्यादेचे सरकारी टप्पे. देशभर बीएस ४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला, बीएस ६ लागू झालं १ एप्रिल २०२० ला. गाडी ज्या टप्प्याची, त्याच टप्प्याचं इंजिन हवं. बीएस ४ गाडीत बीएस ३ चं इंजिन घालणं म्हणजे मागं जाणं, ते चालत नाही. उलट्या बाजूनं, जुन्या चेसीसवर बीएस ६ चं इंजिन घालायचा मोहही टाळावा. ते एकटं येत नाही. डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर), एससीआर (नॉक्स वायू कमी करणारा भाग), त्याला लागणाऱ्या डीईएफ द्रवाची टाकी, नॉक्स सेन्सर, तापमानाचे सेन्सर आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) हा सगळा एकच संच असतो. एक सेन्सर जोडायचा राहिला तरी ईसीयू ताकद कापतो आणि चढावर गाडी रांगते. शिवाय आरसीवर गाडी जुन्याच टप्प्याची राहते.

खरं काम धुराच्या चाचणीत, म्हणजे पीयूसीत, आहे. डिझेल गाडीची चाचणी उभ्या गाडीवर, न्यूट्रलमध्ये, ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबून होते. धूर किती उजेड अडवतो ते यंत्र मोजतं. बीएस ४ च्या आधीच्या गाडीला मर्यादा २.४५ प्रति मीटर, म्हणजे ६५ हार्ट्रिज. बीएस ४ ला १.६२, म्हणजे ५० हार्ट्रिज. उभ्या गाडीत टर्बोकडून बूस्ट (दाबलेली जादा हवा) जवळजवळ मिळत नाही, म्हणून हवा कमी असते. अशा वेळी डिझेल आवरून धरायचं काम डिझेल पंपावरचा डायफ्राम (लवचिक पडदा) करतो. टर्बोकडून बारीक पाइप येतो तो त्याच्यासाठीच. डायफ्राम फाटला किंवा पाइप गळला की बूस्ट येऊनही डिझेल वाढत नाही, पिकअप जातो. मग मिस्त्री स्क्रू फिरवून डिझेल वाढवतो. गाडी उसाच्या भाराला छान ओढते, पण चाचणीत काळा लोट सोडते. इलाज स्क्रूमध्ये नाही. डायफ्राम बदला, पंप टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करून सील करून घ्या, आणि डिझेल फवारणारे सगळे नोझल त्याच वेळी एका दाबाला लावून घ्या. एक नोझल थेंब टाकत असेल तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

इंटरकूलरवालं (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग असलेलं) इंजिन असेल तर ‘रेडिएटरपुढं जागा नाही’ म्हणून तो काढून टाकू नका. गरम हवा विरळ असते, तितक्याच डिझेलला ऑक्सिजन कमी पडतो आणि धूर काळा होतो. होजचे क्लॅम्प साबणाच्या पाण्यानं तपासा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवरच लावायचे. कमिन्स ६बीटी इंजिनला इनलेट ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर.

धुराचा रंग वाचता यायला हवा. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त, आणि पहिला संशय एअर फिल्टरवर घ्या. गरम इंजिनवरही पांढरा राहिला तर टायमिंग उशिरा आहे किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. निळा म्हणजे ऑइल जळतंय. रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील बघा.

आणखी एक चूक जवळजवळ प्रत्येक गॅरेजात होते. नवं इंजिन जुन्याच सायलेन्सरला जोडतात. आत वर्षांची काजळी आणि जुन्या टर्बोचं ऑइल साचलेलं असतं, आणि पहिल्या दोन-तीन झटक्यांत ते सगळं धूर मोजणाऱ्या यंत्रात जातं. सायलेन्सर बदला किंवा उतरवून झाडून घ्या. नंतर भार घालून एक लांबची फेरी मारून यावं आणि इंजिन गरम असतानाच पीयूसीला उभं करावं. इंजिन ऑइल किमान ६० अंशांवर हवं.

मंजुरीची प्रत, बिल आणि पीयूसी घेऊन गाडी तपासणीला न्या. इंजिन नंबराचा पेन्सिल प्रिंट घेतला जातो, म्हणून त्या जागेचा रंग आणि तेलकटपणा आदल्या दिवशी पुसून ठेवा. आरसीवर नवा नंबर चढला की त्याच आठवड्यात विमा पॉलिसीवरही चढवून घ्या.