काटेसावरीखालची तिसरी फेरी

पक्षी मोजण्याच्या आधीच्या दोन फेऱ्यांचे आकडे फुगलेले निघाले. फुललेल्या सावरीवर पक्ष्यांची ये-जा थांबत नाही आणि आलेला प्रत्येक पक्षी नवा धरला, की एकच साळुंकी पाचदा मोजली जाते. म्हणून या वेळी चालणं कमी केलं. झाडापासून साधारण २५ मीटरवर, सूर्य पाठीशी घेऊन, उजाडल्यापासून ४० मिनिटं एकाच जागी बैठक. दर ५ मिनिटांनी झाड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहायचं आणि प्रत्येक जातीचे एका वेळी जास्तीत जास्त जितके दिसले, तेवढाच आकडा ठेवायचा. बेरीज करायची नाही. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं संकेतस्थळ) अशी नोंद ‘स्थिर’ प्रकारात जाते, मात्र मोजणाऱ्याचा वावर ३० मीटरच्या आत हवा.

मोठ्या थव्याने येणाऱ्या भोरड्यांपुढे (गुलाबी मैना) ही पद्धत टिकत नाही. थवा उठला की १० पक्ष्यांचा गठ्ठा नजरेत धरावा आणि तसे किती गठ्ठे बसतात ते पाहावं. तेही जमलं नाही तर आकड्याच्या जागी ‘एक्स’ टाकावा. अंदाजपंचे ५०० लिहिण्यापेक्षा ते बरं.

सध्या सगळ्यात जास्त चकवतो तो जांभळा शिंजीर, फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी. नर पिसं बदलतायत: पोट अजून पिवळं, पण हनुवटीपासून खाली मधोमध गडद पट्टा, खांद्याशी एखादा चमकता ठिपका. मादीला हा पट्टा नसतो. पिवळं पोट दिसलं की ‘मादी’ लिहून मोकळं होण्याची सवय इथेच नडते. चोच फुलात असेपर्यंत पट्टा दिसत नाही. मान वर येईपर्यंत थांबावं. बुलबुलाच्या कपाळावरचा डागही आधी पराग समजावा, नवी जात नंतर.

तांबट पक्षी नुसत्या आवाजावर मोजू नये. टुक-टुक करताना तो मान वळवत राहतो, त्यामुळे एकाचेच दोन ऐकू येतात.

दुर्बीण ८×४२ ठेवली, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं. तिच्यातून डोळ्याशी ५.२५ मिमी रुंद प्रकाशाचा झोत येतो, १०×४२ मधून ४.२, झुंजुमुंजू उजेडात हा फरक कळतो. शिवाय १०× मध्ये हाताचा कंपही जास्त दिसतो.

खाली पडलेली फुलं खायला चितळ-भेकरं येतात, तेव्हा निघताना जमीन पाहावी. कोवळ्या डहाळीचा छाट तिरका आणि स्वच्छ असेल तर ससा. हरणांना वरचे पुढचे दात नसतात, म्हणून त्यांनी तोडलेली कड फाटकी राहते.

पुढची फेरी याच झाडापाशी, याच वेळेला. बोंडं धरली की मधाची गिऱ्हाइकं घटतील, तेव्हाचा आकडा आजच्या शेजारी मांडायचा आहे.