मॉरिशसची तीन चपटी भोकं

मे महिन्यात आम्ही इंदूरहून मॉरिशसला जाऊन आलो. मी, बायको, आई-बाबा, आणि न्यू जर्सीहून येऊन मुंबईत आम्हाला मिळालेली चुलतबहीण. शामारेलची सात रंगांची माती आणि गंगा तलाव यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मी प्लगवर लिहितोय, कारण आठ दिवसांतली सगळी भांडणं त्यावरूनच झाली.

वीज तिथेही आपल्यासारखीच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यामुळे इथून जाणाऱ्याला कन्व्हर्टर लागत नाही. घोळ आहे तो भोकांचा. बेटावर आधी फ्रेंच होते, १८१० मध्ये इंग्रज आले, आणि भिंतीवर अजून दोघं नांदताहेत: कुठे युरोपातली दोन गोल भोकं, कुठे इंग्लंडची तीन चपटी. मोबाइलचे आपले दोन पिनांचे चार्जर गोलात बसतात. आपला तीन गोल पिनांचा प्लग मात्र दोन्हीकडे उपरा. आमच्या खोलीत चपटे दोन आणि गोल एकच, तोही आरशापाशी.

चपट्या सॉकेटला आतून झडपा असतात. अर्थिंगची (गळकी वीज जमिनीत नेणारी) लांब पिन वरच्या भोकात शिरली की खालची दोन उघडतात. बाबांनी पहिल्याच रात्री वर पेनाची रिफिल खुपसून खाली मोबाइलचा चार्जर दाबून बसवला. ते वीज मंडळातून रिटायर झालेत, त्यांना कोण बोलणार! तुम्ही करू नका.

अडॅप्टर मी इंदूरच्या जेल रोडवरून १८० रुपयांत घेतला होता. "भिया, पूरी दुनिया में चलेगा." चालला, दोन दिवस. सकाळच्या चहासाठी आईने घरची स्टीलची केटल आणली होती, १५०० वॅटची. म्हणजे साडेसहा अँपिअर. अडॅप्टरच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत ६ लिहिलेलं, ते मी तिसऱ्या दिवशी वाचलं. आई म्हणाली, "अरे, केटलला हात लावला की झिणझिण्या येतात." काढून बघतो तर पिनांभोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडून फुगलेलं. आणि अर्थचं भोक नुसतं शोभेचं, आत पितळेची पट्टीच नाही! घेताना मोबाइलचा टॉर्च लावून तेवढं आत बघाच.

बहिणीची गोष्ट उलटी. तिचं केस सरळ करायचं मशीन फक्त १२० व्होल्टचं. अडॅप्टर प्लगचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. जवळपास दुप्पट व्होल्टवर असलं मशीन जवळजवळ पावणेचारपट वॅट खेचतं. एक 'फट्' आणि खोलीभर जळका वास. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते कुठेही चालतात. अमेरिकेतल्या पाहुण्यांची बाकी यंत्रं आधी उलटी करून वाचा.

मग पोर्ट लुईत हार्डवेअरचं दुकान शोधलं. पाटीवर फ्रेंचमध्ये 'कँकायरी' वाचलं की आत शिरायचं. तिथे बाबांनी १३ अँपिअर फ्यूजचा चपटा प्लग आणि पेचकस घेतला आणि केटलचा जुना प्लग कापून टाकला. पलंगावर वर्तमानपत्र पसरून, चष्मा नाकावर ओढून बसले: तपकिरी वायर उजवीकडे फ्यूजच्या बाजूला, निळी डावीकडे, हिरवी-पिवळी वर. दहा मिनिटांत चहा झाला, झिणझिण्या बंद. ज्याला वायरिंग येतं त्यानेच हे करावं.

नाहीतर निघण्यापूर्वी इंदूरच्या महाराणी रोडवरून फ्यूज आणि खरं अर्थिंग असलेला, आपला तीन पिनांचा प्लग घेणारा एकच चांगला अडॅप्टर घ्या आणि घरचा एक्स्टेंशन बोर्ड सोबत ठेवा. सगळे चार्जर त्या एकावर निघतात. इस्त्री, केटल बोर्डावर नको. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तास भरते, मर्यादा १०० ची. आणि खोलीचं कार्ड काढून फिरायला गेलात तर कित्येक हॉटेलांत सॉकेटही बंद होतात. दिवसभर चार्जिंगला ठेवलेला कॅमेरा आम्हाला संध्याकाळी रिकामाच मिळाला.

केटल आता रामबागेतल्या घरी ओट्यावर आहे, चपट्या प्लगसकट. आई रोज विचारते, बाबा रोज म्हणतात, "उद्या बसवतो."