मन्या सांगून गेला नाही

रविवार रात्र, सारागोसा, स्पेन

त्याने मला सांगितलं नाही. बस्स, एवढंच आहे. पण हे एवढंच कालपासून छातीवरून हलत नाहीये, म्हणून शेवटी लिहायला बसले.

पाम्पलोनाला जायचं डोक्यात नव्हतंच. परवा संध्याकाळी टीव्हीवर सकाळची बैलांची धाव परत दाखवत होते. सान फेर्मीन म्हणजे पाम्पलोनाची यात्राच, त्या दिवसांत इथे ती धाव दिवसभर दाखवतात. मन्या भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, हे इथून किती लांब आहे?" म्हटलं, पावणेदोनशे किलोमीटर असेल, बसने दोनेक तास. "मग चल की." मी म्हटलं, आत्ता? राहायचं कुठे? चौदा जुलैपर्यंत त्या गावात ऐन वेळी खोली मिळत नाही. तर म्हणे, "यात्रेला गेल्यावर आपण कुठं राहतो?"

इथे आल्यापासून तो स्वतःहून 'चल' असं पहिल्यांदाच म्हणाला होता. मार्चनंतरही पहिल्यांदाच असेल. मी पुढचं काही ऐकलं नाही, शेवटच्या बसची दोन तिकिटं काढली. पांढरा सदरा माझा एक होता, त्याला एक शोधला. लाल रुमाल तिथे उतरल्यावर घेतले.

पाम्पलोनाचं बसस्थानक जमिनीखाली आहे. वर आलो तर समोर जुना किल्ला, आणि त्याच्यावर अकराचं दारूकाम सुरू. आभाळ लाल, हिरवं, आणि खाली हजारो माणसं, सगळी पांढऱ्यात. किल्ल्याभोवतीच्या हिरवळीवर लोक जागा मिळेल तिथे आडवे झाले होते. आम्हीही पथारी टाकली. रात्रभर कुठून ना कुठून बँड वाजतच होता.

झोप कोणालाच नव्हती. मी त्याला माहीत होतं ते सांगत बसले. जुलैच्या सातपासून चौदापर्यंत रोज सकाळी आठला धाव. सहा वळू, आणि त्यांना वाट दाखवायला गळ्यात घंटा बांधलेले बैल. सांतो दोमिंगोच्या चढावरून निघायचं, नगरपालिकेसमोरून वळायचं, मग एस्ताफेता नावाची लांब अरुंद गल्ली, आणि शेवटी बैलझुंजीचं रिंगण. साडेआठशे मीटरच्या आसपास अंतर. दोन-तीन मिनिटांत खेळ खलास. आदल्या रात्री ते सहा जण चढाखालच्या वाड्यात आणून ठेवतात. तेव्हा रस्त्यावर कोणी आवाज करायचा नाही, फोटोचा उजेड पाडायचा नाही. हे त्याला फार पटलं. "आबापण शर्यतीच्या आदल्या रात्री गोठ्यात कुणाला बोलू द्यायचे नाहीत," म्हणाला.

संध्याकाळी साडेसहाला त्याच रिंगणात त्या सहांचं काय होतं, तेही सांगितलं. तो गप्प झाला. मीही पुढे बोलले नाही. त्याबद्दल आज लिहायचं नाही, ते वेगळं आहे आणि मोठं आहे.

पहाटे गावात शिरलो तेव्हा सुतार कुंपण उभं करत होते. रोज उभं करायचं, रोज काढायचं. खांबांना नंबर घातलेले, फळ्या खाचेत बसवून ठोकायच्या. कुंपण दुहेरी असतं. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात पोलीस, डॉक्टर, स्ट्रेचर. बाहेरच्या कुंपणावर बघणारे चढून बसतात, आणि जागा हवी तर उजाडायच्या आधीच बसायचं. आम्हाला टेलिफोनिकाच्या पट्ट्यात जागा मिळाली, रिंगणाच्या थोडं अलीकडे. टेलिफोन कंपनीच्या इमारतीवरून त्या तुकड्याला नाव पडलंय. एका आजोबांनी सरकून आम्हाला जागा दिली. ते तिथलेच असावेत, त्यांच्या रुमालाचा लाल रंग धुऊन धुऊन विटकरी झाला होता.

सातच्या सुमाराला मन्याने पाकीट आणि फोन माझ्याकडे दिला. "ठेव. गर्दीत पडेल. लघवीला जाऊन येतो."

मी ठेवला.

पावणेआठला त्याच्या फोनवर आईचा फोन. तिकडे सव्वाअकरा झालेले. "मन्या कुठंय?" म्हटलं, इथेच आहे, येईल. "तुझ्याकडं कसा फोन त्याचा?" आणि तिने हे विचारलं तेव्हा मला कळलं. धावणाऱ्यांना साडेसातच्या आत रस्त्यावर घेतात, मग दारं बंद करतात. हातात कॅमेरा, पाठीवर पिशवी असली की पोलीस बाहेर काढतात. हे सगळं रात्री मीच तर त्याला सांगितलं होतं. आईला म्हटलं, नंतर करते. ती म्हणाली, "त्याला एकट्याला सोडू नकोस गं." मार्चपासून प्रत्येक फोनवर हेच वाक्य. विहिरीकडे जायचं तरी ती कोणाला तरी त्याच्याबरोबर पाठवते.

आठला पहिला बार झाला, म्हणजे दार उघडलं. लगेच दुसरा, म्हणजे सगळे बाहेर पडले. आमच्याकडे अजून काहीच नव्हतं. फक्त माणसं जागच्या जागी उड्या मारत मागे बघत होती. मी चेहरे शोधत होते आणि सगळे सारखेच दिसत होते, पांढरे सदरे, लाल रुमाल. मग एस्ताफेताकडून आरडाओरडा आला, घंटा आल्या, आणि दगडावरचे खूर. टीव्हीवर तो आवाज कळत नाही.

तेवढ्यात तो दिसला. अंगावरचा सदरा ओळखून नाही, पळण्यावरून ओळखला. खांदे खाली सोडून, किंचित उजवीकडे कलून, लहानपणी चाकोरीच्या कडेने गाडीबरोबर पळायचा तसा. माझ्यापासून चार हातांवरून गेला. माझ्याकडे बघितलं नाही.

आणि तो हसत होता.

कालपासून मला जे सलतंय ते हे आहे. भीती वाटली ती वेगळी, ती तर वाटणारच. पण त्याला हसताना बघून मला आधी वाईट वाटलं. किती दिवस मी याच्यामागे लागले होते! व्हिसाची कागदं मी केली, तिकीट मी काढलं, सुट्टी जोडून घेतली. पिलारचं देऊळ दाखवलं, एब्रो नदीवरचा जुना पूल दाखवला, बार्सिलोनाला नेऊन समुद्र दाखवला. सगळीकडे तो पाहुण्यासारखा उभा राहिला आणि "छान आहे" म्हणाला. माझ्या हातून त्याला जे मिळावं असं मला वाटत होतं, ते त्याने तिथे एका मिनिटात स्वतःचं स्वतः घेतलं. आणि मला काय दिलं, तर सांभाळायला फोन. मी कोणीच नव्हते का? ताई म्हणजे नुसती वस्तू ठेवायची खुंटी का?

हे वाक्य कालपासून मनात कितीदा म्हणून झालंय. आज लिहून बघितल्यावर त्याचा जोर थोडा कमी वाटतोय.

कारण गोष्ट तिथे संपली नाही.

घोळका रिंगणात गेला तरी तिसरा बार होईना. आजोबांनी माझा दंड धरला आणि मागे बोट दाखवलं. एक वळू मागे राहिला होता. वळणावर घसरून पडला असावा, एका कुशीला धूळ लागलेली. तिथले दगड घसरू नयेत म्हणून रस्त्यावर औषध मारतात, तरी घसरतात. एकटा पडलेला वळू सगळ्यात वाईट, हे सगळेच सांगतात. कळपात असला की तो पळतो, एकटा पडला की शोधतो.

तो आमच्यासमोर येऊन थांबला. तांबूस रंग, आपल्या बैलांना असतं तसं वशिंड नाही, पण मानेवर मांसाचा हा एवढा उंचवटा, घामाने चमकणारा. पोट भात्यासारखं हलत होतं. नाकपुडीच्या कडेला दगडाने खरचटलेलं, तिथून रक्ताचा बारीक ओघळ. त्याने वळून आल्या वाटेकडे तोंड केलं. समोरच्या कुंपणाला पाठ लावून तीन-चार जण अडकले होते, त्यात मन्या. बाकीचे फळीखालून सरपटत बाहेर गेले. तो गेला नाही.

हात खाली. बोटं उघडी. नजर वळूच्या डोळ्यांकडे नाही, खुरांकडे. आबा सांगायचे तसंच. बिथरलेल्या जनावरासमोर हात उचलायचा नाही, त्याच्या डोळ्यात बघायचं नाही, तुझा श्वास त्याला ऐकू येतो तेव्हा तोही सावकाश घे. मन्याचं पोट सावकाश वरखाली होताना मला पलीकडून दिसत होतं. तो घाबरलेला नव्हता, आणि त्याला काही करूनही घ्यायचं नव्हतं. हे दुसरं मी पहिल्यांदाच स्पष्ट लिहितेय. आईने जे कधी उच्चारलं नाही आणि मी जे फोनवर कधी विचारलं नाही, ते हेच होतं. तो मुलगा तिथे जगायला उभा होता. सगळं अंग जागं ठेवून.

मग हिरव्या सदऱ्यातला एक गुराखी लांब काठी घेऊन मागून आला, मागाहून सोडलेले घंटावाले बैल आले, आणि तो तांबूस त्यांच्यामागून निघाला. शहाण्यासारखा. तिसरा बार, चौथा बार. संपलं.

मन्या अर्ध्या तासाने आला. कोपर सोललेलं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "खिल्लारापेक्षा आखूड पाय गं, पण वळतोय काय चपळ!" आणि त्या वळूबद्दल बोलतच सुटला. छाती, खूर, शिंगांचा बाक. मी रडत होते ते त्याला जरा उशिरा दिसलं.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतंस?"

"नसतं."

"मग."

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. राग आला तेव्हाही सापडलं नाही, आत्ताही नाही.

मान्युएता गल्लीत लाकडाच्या चुलीवर चुरो, म्हणजे पिठाच्या लांब कांड्या, तळणारं जुनं दुकान आहे, १८७२ पासूनचं. वर्षातले मोजकेच दिवस उघडतं, त्यात हे दिवस येतात. रांग गल्लीच्या टोकापर्यंत. तिथे उभे राहिलो. रिंगणाबाहेर हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाचा पुतळा आहे, तिथे मन्याने फोटो काढून घेतला, हा कोण ते मी सांगितलं, त्याने मान डोलावली. १९२३ साली हेमिंग्वे पहिल्यांदा इथे आला आणि मग येतच राहिला. मन्याला त्याच्यापेक्षा कुंपणाच्या खाचांमध्ये जास्त रस होता.

बसमध्ये तो झोपला आणि मी फोनवर वाचत बसले. वाचायला नको होतं. १९१० पासूनच्या नोंदीत या धावेत १६ जण गेलेत. शेवटचा २००९ साली, सत्तावीस वर्षांचा, शिंग मानेत. जागा टेलिफोनिका. तोच पट्टा. मी मान वळवून मन्याची मान बघितली. रुमाल अजून बांधलेलाच होता, गाठ मानेच्या मागे सरकली होती. किती वेळ बघत होते माहीत नाही.

आणि तरीही, हे मी आईला कधी सांगू शकणार नाही, पण त्याने मला विचारलं असतं आणि मी अडवलं असतं, तर काल संध्याकाळी माझ्याबरोबर तोच पाहुणा परत आला असता. 'छान आहे' म्हणणारा. मला तो नको होता. मला हा हवा होता. मग हा माझ्या परवानगीने यावा असा हट्ट का धरतेय मी? तो माझ्याकडे फोन देऊन गेला, ज्यावर आईचा फोन येणार हे त्याला माहीत होतं. असा फोन कोणा परक्याच्या हातात देत नाही कोणी. कालच्यापेक्षा आज मला ते नीट दिसतंय. सलतंय अजून, पण दिसतंय.

आज जेवताना अचानक म्हणाला, "पुसेगावची यात्रा यंदा कधी?"

मी घास तसाच धरून बसले. २०१४ ला कोर्टाने शर्यती बंद केल्या तेव्हा घरात दोन जोड्या होत्या. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी आली तेव्हा दावण रिकामी. शेवटचा बैल सर्जा. तो कोणी विकला, का विकला, हे आमच्या घरात कोणी बोलत नाही. आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलांचा बाजार भरतो.

"बघायला जायचं का घ्यायला?" मी विचारलं.

"बघू. एखादं खोंड. शर्यतीसाठी नाही. नुसतं असू दे दारात."

आईला कोपराचं तो स्वतः सांगणार आहे, तसं कबूल केलंय. पुसेगावचं मात्र मी सांगणार. उद्या सकाळी तो उठायच्या आत फोन लावते.