सहा आठवड्यांची पिल्ले : हाताळणी आणि सरावाची नोंद

या खेपेची कोंबडीची पिल्ले आता सहा आठवड्यांची झाली असून त्यांची लव झडून अंगभर पिसे आली आहेत. ब्रूडरमधील, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीतील, उष्णतेचा दिवा काढून टाकला आहे आणि मुक्काम खुराड्यात हलला आहे. नव्या जागेला ती घर म्हणून ओळखू लागावीत यासाठी पहिला आठवडाभर त्यांना बाहेर सोडले नाही. त्यानंतर संध्याकाळी ती आपोआप आत जाऊ लागली. वाढ, खाद्य आणि वजन यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही, म्हणून ही नोंद केवळ हाताळणी आणि माणसाची सवय लावणाऱ्या सरावापुरती ठेवली आहे.

जन्मानंतर पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते तीनेक अंशांनी उतरवायचे असते. याचा हाताळणीशी थेट संबंध आहे, कारण ऊब सोडून बाहेर काढलेले पिल्लू लवकर गारठते आणि गारठलेले पिल्लू काही शिकत नाही. त्यामुळे सुरुवातीचा सगळा सराव ब्रूडरच्या आतच आणि थोडा-थोडा वेळ केला. ब्रूडरची दारे वरून न उघडता बाजूने उघडणारी करून घेतली होती. वरून झेपावणारी कोणतीही गोष्ट म्हणजे घार, हे पिल्लाला कोणी शिकवावे लागत नाही. तोच हात जमिनीलगत बाजूने आला, तर ते मान वळवून एका डोळ्याने त्याची नीट पाहणी करते.

पकडीबाबत मात्र तडजोड करता येत नाही. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) नसते; छातीचे हाड खाली-पुढे सरकते तेव्हाच हवा आत जाते, त्यामुळे मुठीत छाती आवळली गेली तर इजा न दिसताही पिल्लू गुदमरू शकते. पिल्लाची छाती तळहातावर टेकवावी, पाय बोटांच्या मधून सैल सोडावेत आणि दुसरा हात पंखांवर केवळ आधारापुरता ठेवावा. लहान मुले पिल्लू घेणार असतील, तर त्यांना आधी जमिनीवर बसवावे, म्हणजे सुटलेले पिल्लू उंचावरून पडत नाही. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती पिल्लू देऊच नये, कारण निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याच्या विष्ठेतूनही साल्मोनेला हा रोगजंतू पसरू शकतो. साबणाने हात धुणे आणि पिल्लू तोंडाजवळ न नेणे हे नियम मोठ्यांनाही लागू आहेत.

प्रगती कशाला म्हणायचे, यावर आपल्या कोंबड्या पाळणाऱ्या मंडळींत मतभेद दिसतात. पिल्लू उताणे धरले की शांत पडते, म्हणून ते माणसाळले, असे अनेकजण मानतात आणि तसे फोटोही हौसेने दाखवतात. ही निश्चलता नवी नाही. जर्मन विद्वान अथानासियस किर्खर यांनी १६४६ मध्ये कोंबडीवरील अशाच एका प्रयोगाचे वर्णन केले होते आणि तिचे श्रेय कोंबडीच्या कल्पनाशक्तीला दिले होते. आज मात्र ती भक्ष्याची भीतीतून येणारी प्रतिक्रिया समजली जाते, इतकी की पक्षी किती वेळ तसा पडून राहतो यावरून संशोधक त्याच्या भित्रेपणाचा अंदाज घेतात. अंधार पडल्यावर सहज हाती येणाऱ्या पक्ष्याबद्दलही हेच म्हणावे लागेल. कोंबड्यांना अंधारात फारच कमी दिसते, त्यामुळे पंखांखालच्या उवा आणि नखे तपासायला ती वेळ सोयीची असते; पण त्या शांतपणाची गणना मी सरावात करत नाही. पिल्लू उजेडात, पळायची वाट मोकळी असताना, स्वतःहून किती जवळ येते, एवढेच माझ्या वहीत लिहिले जाते.

त्यासाठी काठीच्या टोकाला लाल चकती लावून तिच्यावर चोच मारण्याचा सराव चालू आहे. चोच लागताक्षणी क्लिकरचा (दाबल्यावर ‘टक’ वाजणाऱ्या छोट्या डबीचा) आवाज आणि लगेच वाळलेल्या अळीचा तुकडा, असा क्रम ठेवला आहे. पाळीव प्राण्यांच्या प्रशिक्षणात ही रीत रुजवणारे केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांच्या कामात कोंबड्यांना मोठे स्थान होते, यात नवल नाही. कोंबडी चटकन चोच मारते, त्यामुळे आपला आवाज किंचित उशिरा झाला तरी तिच्या वागण्यातून ते लगेच उघड होते. अळ्या सुरू केल्यापासून, त्या पोटात दळल्या जाव्यात म्हणून, बारीक खडीची वाटी कायम भरलेली असते आणि वरचा खाऊ रोजच्या खाद्याच्या दहाव्या भागापलीकडे जाऊ दिलेला नाही.

तांबूस तलंग (तरुण मादी) चकतीमागे फिरते आणि मांडीवरही चढते. करडी अजून लांब राहते. ती मान पुढे ताणते, पण शरीराचा भार मागच्या पायावर ठेवते, चकतीच्या कडेला चोच लावते आणि अळी न घेताच मागे उडी मारते. तिच्यासाठी अळी हातातून न देता जमिनीवर टाकतो आणि चकती पुढे सरकवण्याची घाई करत नाही. माझ्या मते सरावाचा वेग कळपातल्या सर्वांत भित्र्या पक्ष्यानेच ठरवावा. एकाचा तुरा इतरांआधी लाल होऊ लागला आहे, म्हणजे तो बहुधा कोंबडा निघेल. त्याने हाताला चोचा मारण्याची सवय धरू नये म्हणून त्यालाही खाऊ जमिनीवरच मिळतो.

पुढचा टप्पा वजनकाट्याचा आहे. पक्षी न पकडता दर आठवड्याला वजन घेता यावे, यासाठी बंद काटा खुराड्याबाहेरच्या जाळीदार आवारात ठेवून त्याच्या ताटलीवर भुसा पसरला आहे. तांबूस त्यावर उभी राहून खाते, तर करडी सध्या त्याच्या भोवतीचा भुसा उकरते. तिचे दोन्ही पाय ताटलीवर स्थिरावेपर्यंत काटा चालू करणार नाही, कारण त्याचा सुरू होतानाचा आवाज मलाही दचकवतो.