बेवारस ब्लॉक आणि डब्यांचा शनिवार

आमच्या वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी रॅक आहे, लोक काम करायला टाकून जातात आणि परत न्यायला येतच नाहीत असा माल त्यावर पडलेला असतो, ब्लॉक (इंजिनाचा सिलिंडरवाला मुख्य सांगाडा), हेड (त्याच्यावरचं झाकण), क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा), कशाकशावर तर चिठ्ठीपण राहिलेली नाही. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला एका इंजिन मशीन शॉपमधे काम करतो, म्हणजे बोअर मारणे (सिलिंडरचं भोक मोठं करणे), होनिंग (ते आतून घासून घेणे), व्हॉल्व्हच्या सीट कापणे, क्रँक ग्राइंड करणे, हेच. शिकलो कोल्हापूरला उद्यमनगरात. इथे मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं काय करतोस तर "ऑटो इंडस्ट्रीत आहे" म्हणतो, आणि ते काही खोटं नाही.

तर मालकाने फर्मान काढलं की रॅक रिकामा करा, ज्याचा माल त्याला फोन लावा, नाही उचलला तर सरळ भंगार. त्या ढिगात खाली प्लास्टिकमधे गुंडाळलेला, तेल फासून ठेवलेला एक फोर्ड फ्लॅटहेड, म्हणजे फोर्डच्या जुन्या व्ही-एट इंजिनाचा ब्लॉक, निघाला. बोअर मारलेला, पैसे पूर्ण भरलेले, गिऱ्हाईक गायब.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३२ साली फोर्डने स्वस्तातल्या गाडीत व्ही-एट (व्ही आकारात आठ सिलिंडरचं) इंजिन टाकलं, २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर, आठही सिलिंडरचा ब्लॉक एकाच ओतकामात, आणि हे सगळं आमच्याकडून फार लांब नाही अशा डिअरबॉर्नच्या रूज कारखान्यात. महायुद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियातली पोरं ह्याच जुन्या फोर्ड गाड्या कवडीमोल भावात घ्यायची, मडगार्ड काढून टाकायची, इंजिनाला दोन-दोन कार्ब्युरेटर लावायची आणि एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांवर जाऊन पळवायची (खरं तर हे युद्धाआधीच सुरू झालेलं, तिथली शर्यतवाल्यांची संघटना एससीटीए १९३७ ची आहे). तीच हॉट रॉड. माझ्या समोरचा ब्लॉक १९४६ ते ४८ च्या काळातला, ५९एबी म्हणतात तो, मुळात २३९ क्युबिक इंच, आणि आमच्याच शॉपमधे एक अष्टमांश इंच मोठा बोअर मारून २५८ च्या आसपास नेलेला.

आता ह्या इंजिनाची खोड अशी की व्हॉल्व्ह ब्लॉकमधेच असतात आणि जळका धूर सिलिंडरांच्या मधून, पाण्याच्या जॅकेटमधून बाहेर पडतो, त्यामुळे ब्लॉक तापतो आणि एक्झॉस्टच्या सीटपासून सिलिंडरकडे चीर जाते. दहा ब्लॉक तपासायला आले तर बिनचिरेचा मिळाला की आम्ही एकमेकांना हाक मारून दाखवतो. ह्याच्या जॉब कार्डावर लिहिलेलं होतं, मॅग्नाफ्लक्स (चुंबक आणि लोखंडाची पूड वापरून चिरा शोधायची तपासणी) केला, चीर नाही. असला ब्लॉक भंगारात घालायला माझा हात धजेना. फोन मीच लावला.

बाईंनी उचलला. "अजून आहे तो तुमच्याकडे?" असं काहीतरी म्हणाल्या आणि मग फोनवर बराच वेळ कोणी काही बोलेना. शेवटी पत्ता दिला. मी संध्याकाळी माझ्या पिकअपमधे घालून घेऊन गेलो.

गॅरेज उघडलं तर आत १९३२ ची फोर्ड फ्रेम स्टँडवर, पुढचा-मागचा अ‍ॅक्सल लावलेला, मागे भिंतीला टेकवून १९३१ मॉडेल ए कूपेची बॉडी. मॉडेल ए ची बॉडी, बत्तीसची फ्रेम आणि व्ही-एट, हे कॉम्बिनेशन हॉट रॉडवाल्यांचं जुनं आणि आवडतं. आणि तिन्ही भिंतींच्या फळ्यांवर कॉफीचे रिकामे डबे, ओळीने, त्यात नटबोल्ट, क्लिपा, रबरं, वायसर. एकाही डब्यावर अक्षर नाही.

म्हातारा खुर्चीत बसलेला. त्याचं नाव सांगत नाही, मी मनातल्या मनात त्याला तात्या म्हणायचो कारण आमच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीसारखाच तिरसट. पार्किन्सन्स झालेला, दोन्ही हात थरथरतात, पाना धरता येत नाही. ब्लॉककडे बघितलं आणि म्हणाला, "कशाला आणलास? भंगारात द्यायचा."

बाई दारातूनच म्हणाल्या, "दिला असता तर जेवला नसतास आठवडाभर."

मग कळलं की बाईंनी ह्याआधी मदत मागून बघितलेली. पार्टसच्या दुकानात कार्ड लावलं होतं, नवऱ्याची हॉट रॉड अर्धी राहिली आहे, पूर्ण करायला कोणी मदत करेल का. फोन बरेच आले, सगळ्यांचा प्रश्न एकच, कितीला देणार? एक तर ट्रेलर घेऊनच आला होता.

त्या कार्डावर मी घरी जाताना विचार करत होतो. मी स्वतः ते कार्ड वाचलं असतं तर फोन केला असता का? नसता केला. अर्धी गाडी पूर्ण करायची म्हणजे किती वर्षं, कोणाच्या पैशाने, मधेच म्हाताऱ्याशी वाजलं तर काय, एवढं सगळं माणसाच्या डोक्यात येतं आणि तो गप्प पुढे जातो. पण कोणी म्हणालं की शनिवारी दोन तास ये आणि एवढी एक ब्रेकची लाइन वाकवून दे, तर आमच्या भागात निम्मे रिटायर लोक आनंदाने येतील. डेट्रॉइटच्या आसपासच्या गल्ल्यांमधे चाळीस-चाळीस वर्षं प्लांटमधे काम केलेली माणसं गवत कापत बसली आहेत, त्यांच्या हातात काय काय आहे हे त्यांच्या शेजाऱ्यालाही माहीत नसतं. कोल्हापुरात गॅरेजसमोर इंजिन उघडलं की न बोलावता चार माणसं जमतात आणि सल्ले देतात, इथे मात्र बोलवावं लागतं आणि नेमकं बोलवावं लागतं.

तात्याला विचारलं की अडलंय कुठे नक्की. उत्तर द्यायलाच तयार नाही. मग हळूहळू निघालं, ब्रेक. बत्तीसच्या फोर्डला ब्रेक रॉडचे, हायड्रॉलिक फोर्डने १९३९ पासून दिले. ह्याने १९४० च्या गाडीचे हायड्रॉलिक ड्रम जमवून बसवले होते पण लाइन टाकल्या नव्हत्या, कारण ते काम मीच करणार असा हट्ट, आणि डबल फ्लेअर करायचं, म्हणजे पाइपचं तोंड दुहेरी दुमडून पसरवायचं, टूल धरलं की हात थरथरायचा. त्याच्यानंतरची सगळी कामं ब्रेकच्या मागे रांगेत उभी. म्हणजे गाडी पैशामुळे किंवा पार्टमुळे अडलेली नव्हतीच. सगळे पार्ट घरात होते.

नवीन कार्ड मी लिहिलं. तात्याची परवानगी बाईंनी मिळवली, कशी ते मी विचारलं नाही. मजकूर साधारण असा होता: १९४० फोर्डच्या ब्रेक लाइन वाकवून डबल फ्लेअर करता येणारा माणूस हवा, शनिवारी सकाळी दोन तास, पाइप, नट, टूल सगळं तयार आहे, गाडी चालू करायची गरज नाही. दुसरं कार्ड वायरिंगचं. तिसरं, इंजिन जोडताना शेजारी उभं राहून माप लिहून घ्यायला कोणीतरी. आमच्या काउंटरवर लावली, एक जवळच्या हायस्कूलमधल्या ऑटो शॉपच्या सरांना दिलं. आमच्या मालकाने एकच अट घातली की शॉपचं नाव ह्यात कुठे येता कामा नये, इन्शुरन्सची भानगड नको, आणि त्याचं बरोबर होतं.

पहिल्या शनिवारी आठेक लोक आले. टूल अँड डाय मधून (कारखान्याचे साचे आणि हत्यारं बनवायच्या कामातून) रिटायर झालेला एक उंच गृहस्थ, डीलरकडे आयुष्यभर ब्रेकचं काम केलेला एक, हायस्कूलचे सर आणि त्यांची एक विद्यार्थिनी, मंडळातला आमचा एक पुण्याचा मुलगा जो गाड्यांच्या वायर हार्नेसचं (वायरींच्या जुडग्याचं) डिझाइन करतो (सगळं कॉम्प्युटरवर, हातात क्रिंपिंगचा पक्कड पहिल्यांदाच घेतलेला), आणि आणखी काही जण. सगळे आपापले पाने घेऊन, बाह्या सारून.

आणि त्या दिवशी कोणीच एक बोल्टसुद्धा फिरवला नाही.

झालं असं की ब्रेकवाल्याने विचारलं, मागच्या लाइनच्या क्लिपा कुठल्या डब्यात? तात्या म्हणाला, तिसऱ्या फळीवर, निळ्या डब्याच्या शेजारी. निळे डबे पाच. टूलवाल्याने विचारलं मास्टर सिलिंडरच्या ब्रॅकेटचे बोल्ट? तात्याला ते बरोबर ठाऊक होतं, पण दाखवायला उठला की तोल जायचा, आणि बाई ओरडायच्या. गाडी उघडून ठेवली की ती एका माणसाच्या डोक्यात असते फक्त. फोटो नाहीत, वही नाही. हा माणूस उद्या गेला तर ह्या भिंतीवरचं सगळं किलोच्या भावाने जाणार, हे तिथे उभ्या सगळ्यांना एकदमच कळलं असावं, कारण कोणी काही बोललं नाही आणि टूलवाल्याने पाने परत पेटीत घातले.

मग खुर्ची गॅरेजच्या मधोमध आणली. डबा काढायचा, तात्यासमोरच्या ट्रेमधे ओतायचा, तात्या सांगणार हे कशाचं, विद्यार्थिनी मास्किंग टेपवर लिहून चिकटवणार, पुण्याचा मुलगा फोनवर फोटो काढून यादीत टाकणार. सुरुवातीला तात्या एका शब्दात उत्तर द्यायचा. नंतर खुलला. हा बोल्ट फेकू नका, त्याचे आटे गेलेले आहेत पण डोकं ओरिजिनल आहे, त्याला नवीन आटे पाडता येतील. हे स्टड हेडचे, एका हेडला चोवीस, त्यातले पाण्यात जाणारे सीलंट लावून बसवायचे नाहीतर पाणी आट्यांतून वर येतं. हे मी सांगणार होतो, त्याने आधी सांगितलं. एका डब्यात मोठी रबरं निघाली, सर म्हणाले ही कसली, तात्या म्हणाला इंजिन कशावर ठेवणार मग? ह्या इंजिनाला पाण्याचे पंप दोन असतात आणि इंजिनाचे पुढचे पाय त्या पंपांनाच असतात, ती त्याच्याखालची रबरं.

हे सगळ्यांना रुचलं असं नाही. दोघं जण कॉफी पिऊन तासाभरात निघून गेले, परत आले नाहीत, त्यांना इंजिन बघायचं होतं आणि समोर वायसरांची मोजणी चाललेली. मला त्यांचा राग नाही, शनिवार त्यांचाही असतो. पण जे थांबले ते सगळे शेवटपर्यंत येत राहिले. दुपारी बाईंनी कोनी डॉग आणले, डेट्रॉइटचा खास प्रकार, वर चिली आणि मोहरीची चटणी, आणि तोंडात घास असतानाच टूलवाला आणि तात्या भांडायला लागले. कशावरून, तर ब्रेकच्या लाइन फ्रेमच्या आतून न्यायच्या का बाहेरून. टूलवाला म्हणाला आतून, दगड लागत नाही. तात्या म्हणाला बाहेरून, मी तसंच ठरवलंय, आणि बाई शांतपणे म्हणाल्या, "तू ठरवलंस तेव्हा आपला मुलगा शाळेत होता, आता त्याचा मुलगा शाळेत आहे."

तात्या बराच वेळ फ्रेमकडे बघत होता. मग म्हणाला, आतून. पण क्लिपा मी सांगेन तिथे.

मला विचाराल तर गाडी त्या क्षणी सुटली, बाकी सगळं नुसतं काम होतं.

ब्रेक लाइन पुढच्याच शनिवारी झाल्या. इंजिन मी आणि टूलवाल्याने जोडलं, बोअरला हलका होन मारून घेतला, रिंगांची गॅप विद्यार्थिनीने फीलर गेजने एकेक मोजली आणि दोन रिंगा परत फाइल करायला लावल्या, ती बरोबर होती. हेड मधून बाहेरच्या बाजूला टप्प्याटप्प्याने आवळली. पुण्याच्या मुलाची मात्र खरी परीक्षा झाली कारण जुनी फोर्ड सहा व्होल्टची आणि वर पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस चेसिसला. त्याने मला फोन करून विचारलं, दादा हे नक्की ना, मग तात्याला विचारलं, मग घरी जाऊन परत मला विचारलं. सहा व्होल्टला तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो म्हणून केबल जाड घ्यावी लागते, ते मात्र त्याने स्वतःच हिशोब करून आणलं आणि तात्याने पहिल्यांदा कोणाची तरी तारीफ केली, म्हणजे मान हलवली.

इंजिन चालू केलं तेव्हा फायर एक्स्टिंग्विशर घेऊन सर दारात उभे. दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर, त्यातला एक पेट्रोल गळत होता, तो उतरवून फ्लोट ठीक करण्यात अर्धा दिवस गेला. त्यानंतर लागलं. आवाजाचं मी वर्णन करत बसत नाही, फ्लॅटहेडचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला माहीत आहे. तात्या आवाज ऐकून म्हणाला, डावीकडचा एक व्हॉल्व्ह टाइट आहे. मॅनिफोल्ड उतरवून मोजला. होता. ह्या इंजिनात टॅपेटला अ‍ॅडजस्टमेंटच नसते, व्हॉल्व्ह बाहेर काढून त्याचं टोक घासून गॅप काढावी लागते, म्हणजे त्या बाजूचं हेडही उतरवा. उतरवलं.

अजून गाडी रस्त्यावर नाही. मागच्या सीलमधून तेल टिपकतं, ट्रॅफिकमधे ठेवली तर तापणार हे नक्की, नंबर प्लेटच्या कागदांचं काम बाईंनी अंगावर घेतलंय. ऑगस्टमधे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालू आहे, सगळ्यांना तिथे न्यायची घाई आहे आणि तात्याला अजिबात नाही, तो म्हणतो काचा नसलेली गाडी घेऊन मी जाणार नाही.

म्हणून सध्या काचांचं कार्ड लागलंय. मॉडेल ए च्या काचा सपाट असतात, त्यामुळे लॅमिनेटेड काच कापून बसवता येते, पुठ्ठ्याचे नमुने विद्यार्थिनीने कापून ठेवलेत, फक्त हात सराईत हवा. शनिवारी नऊ ते अकरा, कॉफी मिळेल. एवढं लिहून मी तात्याला वाचून दाखवलं, तर त्याने खाली एक ओळ वाढवायला लावली, ठळक अक्षरात: गाडी विकायची नाही, ट्रेलर आणू नये.